प्रेक्षागृहात बसलेल्या नटाचे काय करावे?

बेळगावच्या टिळकवाडीतील एका वाचकांचे पत्र आले आहे. पत्र मोठे असल्यामुळे त्यातील आवश्यक तेवढाच भाग येथे देत आहे.

"तरुणपणी मी बेळगावात हौशी नाटकांतून विनोदी कामे केली. पुढे नोकरीनिमित्त पुण्यात राहिलो आणि तेथे इम्प्रोव्ह करणाऱ्या, म्हणजे प्रेक्षकांनी सुचवलेल्या शब्दावरून ऐनवेळी सीन रचणाऱ्या, मंडळींत सामील होऊन बरीच वर्षे संहितेविना प्रयोग केले. निवृत्तीनंतर आता घरी परत आलो आहे. माझा भाचा आणि त्याचे कॉलेजातील मित्र येथे इम्प्रोव्हचे छोटे प्रयोग करतात. मी हौसेने जातो, पण मला हसू येत नाही. सीन सुरू झाला की पुढे काय व्हायला हवे ते मला आधीच दिसते. मुले ते करत नाहीत, किंवा नेमके तेच करतात, आणि दोन्ही वेळा मी चिडतो. गेल्या प्रयोगात प्रेक्षकांतून 'कुंदा', म्हणजे आपली बेळगावची दुधाची मिठाई, हा शब्द आला. एक मुलगा लगेच कढई ढवळू लागला आणि दुसऱ्याला म्हणाला, 'अप्पा, दूध आज लई पातळ हाय की!' मला वाटले, बापलेकांचे दुकान उभे राहिले. इतक्यात दुसरा प्रेक्षकांकडे तोंड करून म्हणाला, 'मी कुठला रे तुझा अप्पा? मी इन्कमटॅक्सवाला!' सभागृहात हशा पिकला आणि मी कपाळाला हात लावला. पहिला बिचारा शेवटपर्यंत कढईच ढवळत राहिला, आधी एका हाताने, मग दोन्ही हातांनी. प्रयोगानंतर भाच्याने विचारले, 'मामा, कसा झाला?' मी म्हणालो, 'बरा झाला.' त्याचा चेहरा पडला. घरी येताना सौभाग्यवती म्हणाल्या, 'असं तोंड करून बसायचं असलं तर येताय कशाला? घरीच बसा की.' आता जाणे बंद करावे काय? गेलोच तर कसे पाहावे? मुलांना चुका सांगाव्यात की नाही? आणि भाचा दर वेळी पहिल्या रांगेचा पास आणून देतो, तो घ्यावा काय?"

स. न. वि. वि.

आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य आपण जाता जाता लिहून टाकले आहे, म्हणून सुरुवात तेथूनच करतो. पहिला मुलगा आधी एका हाताने आणि मग दोन्ही हातांनी कढई ढवळत होता, असे आपण म्हणता. कुंद्याचे दूध आटू लागले की ते तळाला लागू नये म्हणून हात थांबवता येत नाही, आणि जसजसे ते घट्ट होते तसतसे उलथने जड होत जाते, हे बेळगावच्या माणसाला सांगायला नको. त्या मुलासमोर ना कढई होती, ना उलथने, ना दूध. जोडीदाराने त्याचा बाप होण्याचे नाकारले, सीन भलत्याच दिशेने गेला, लोक दुसऱ्याकडे पाहून हसत राहिले, आणि तरीही त्या सीनमध्ये किती वेळ गेला आहे याचा हिशेब हा मुलगा एकटा मनगटाने ठेवत होता. शेजारी हसणाऱ्यांपैकी कितींच्या हे ध्यानात आले असेल कोण जाणे, पण आपल्या ध्यानात आले, कारण रिकाम्या हाताने वजन कसे दाखवायचे हे आपण स्वतः घाम गाळून शिकलेले आहात. तेव्हा आपली नजर बिघडलेली नाही याबद्दल निश्चिंत असावे. बिघाड एवढाच की, त्या वेळी आपण मनातल्या मनात दुसऱ्या मुलाविरुद्ध तक्रार नोंदवण्यात गुंतला होता आणि त्यामुळे पहिल्याच्या कामगिरीची नोंद 'बिचारा' या एका शब्दावर आटोपली.

हसू का येत नाही, याचे कारण फारसे गूढ नाही. संहितेविना काम करणाऱ्या नटाला जोडीदाराच्या तोंडून वाक्य पडता पडताच पुढच्या दोन-चार शक्यता सुचाव्या लागतात, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने ते यंत्र आपोआप चालू होते. रंगमंचावर ते उपयोगी पडते, कारण तेथे आपण लगेच काहीतरी करून मोकळे होतो आणि जोडीदार आपल्या शक्यतेला धक्का देऊन ती बदलून टाकतो. खुर्चीत बसल्यावर यंत्र चालूच राहते, पण त्यातून निघालेल्या मालाला गिऱ्हाईक नसते. परिणामी आपल्या डोक्यात एक दुसराच प्रयोग सुरू होतो, ज्यात आपण सर्व भूमिका करता आणि कोणीही चुकत नाही. समोरची हाडामांसाची मुले त्या निर्दोष प्रयोगाशी कशी बरोबरी करणार? त्यांनी आपल्या मनातले केले तर आश्चर्य उरत नाही आणि न केले तर हळहळ वाटते. मात्र तो मनातला प्रयोग कोणत्याही प्रेक्षकासमोर कधीच उभा राहिलेला नाही, त्यामुळे त्याला दाद मिळाली असती की तो पडला असता, हे आपल्यालाही ठाऊक नाही. एवढे ध्यानात ठेवले तरी तुलनेचा निम्मा जोर ओसरतो.

येथे कीथ जॉनस्टन यांची आठवण काढणे अप्रस्तुत होणार नाही. इंग्लंडमध्ये नाट्यशिक्षण देऊन पुढे कॅनडातील कॅलगरी येथे स्थायिक झालेल्या या गुरूने आयुष्यभर एकच गोष्ट घोकून घेतली, की हुशारी दाखवायला जाऊ नका, तुम्हाला जे उघड वाटते तेच करा. तुम्हाला उघड वाटणारी गोष्ट दुसऱ्याला उघड वाटत नसते, आणि तुमचे वेगळेपण तेथेच प्रकट होते, असा त्यामागील विचार आहे. जुन्या नटाला नवख्यांचे जे सर्वाधिक खटकते ते नेमके हेच उघड वागणे असते. 'कुंदा' म्हटल्याबरोबर कढई ढवळणे हे आपण म्हणाल तर बाळबोध आहे, पण ते बाळबोध असल्यामुळेच तो मुलगा ते शेवटपर्यंत खरेपणाने करू शकला. दहा मिनिटे डोके खाजवून त्याने एखादी चमत्कारिक कल्पना काढली असती, तर दुसऱ्याने ती मोडताच त्याचे हात खाली आले असते.

याच जॉनस्टन यांना दोन संघांत चुरस लावून खेळायच्या इम्प्रोव्हची, म्हणजे थिएटरस्पोर्ट्सची, कल्पना इंग्लंडमधील धंदेवाईक कुस्तीचे प्रेक्षक पाहून सुचली. नाटकाच्या प्रेक्षकांनीही तसेच ओरडावे, उठावे, पक्ष घ्यावेत, असे त्यांना वाटे, आणि १९७७ मध्ये कॅलगरीत तो प्रकार सुरू झाला. त्या कुस्त्या बऱ्याचशा ठरवून खेळल्या जात. आपल्याकडच्या मातीतल्या कुस्तीशी त्यांचे नाते नावापुरते. परंतु कुस्तीचा विषय निघालाच आहे तर आनंदवाडीच्या मैदानावर कडेला बसलेले जुने वस्ताद आपण पाहिले असतीलच. घिस्सा लागणार की ढाक, हे त्यांना पैलवानाच्याही आधी कळते, तरी त्यांचा रस कमी होत नाही, कारण त्यांचे लक्ष डावावर नसून पायांवर असते. वजन कोणत्या टाचेवर आहे, दम कोणाचा तुटला आहे, माघार घेणारा फसवतो आहे की खरोखरच घाबरला आहे, हे पाहण्यात ते गढून जातात. आपणही पुढच्या प्रयोगाला पाहण्याची जागा अशीच बदलून पाहावी. जो बोलतो आहे त्याच्याकडे सगळे सभागृह पाहतच असते, आपण जो गप्प आहे त्याच्याकडे पाहावे. जोडीदाराचे वाक्य त्याच्या कानात शिरले की नुसते कानावरून गेले, ते त्याच्या खांद्यांवरून आपल्याला कळेल. मागे भिंतीला टेकून उभी असलेली मुले पुढचा सीन मनात जुळवत आहेत की समोरचा सीन खरोखर पाहत आहेत, तेही दिसेल. चालू सीन तोडून नवा सुरू करण्यासाठी धावत यायला कोण उतावीळ आहे आणि कोण एक श्वास जास्त थांबतो, यात तर मला कित्येकदा मुख्य विनोदापेक्षा अधिक गंमत वाटते. या गोष्टींचा अंदाज आधी बांधता येत नाही, त्यामुळे आपले यंत्र तेथे फारसे चालत नाही.

आता त्या इन्कमटॅक्सवाल्याकडे वळू. आपला राग अगदीच अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. जोडीदाराने दिलेले नाते झिडकारून आणि प्रेक्षकांकडे तोंड करून मिळवलेला हशा हा जोडीदाराच्या खिशातून काढलेला असतो, आणि तशी सवय लागलेल्या मुलाबरोबर उभे राहायला पुढे कोणी राजी होत नाही. तथापि दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे त्याने बाप होण्याचे नाकारले असले तरी रिकाम्या हाताने नाकारले नाही. मिठाईच्या दुकानात इन्कमटॅक्सवाला आणून उभा करणे ही स्वतः एक चांगली देणगी होती. दूध पातळ असल्याची कबुली मालकाने भलत्याच माणसासमोर दिली, हा अर्थ त्यातून सहज निघत होता, आणि तो दोघांपैकी कोणी उचलला नाही हे खरे दुर्दैव आहे. दुसरी गोष्ट अशी की, 'जे मिळाले ते स्वीकारा आणि त्यात भर घाला' हा इम्प्रोव्हचा नियम रंगमंचावर उभ्या असलेल्या माणसाला भीती वाटू नये म्हणून केलेला आहे. प्रेक्षकाने तो हातात घेऊन चोर पकडत बसावे, असा त्याचा उद्देश कधीच नव्हता.

शिवाय नकाराचा विनोद आपल्याच लोककलेत भरपूर आहे. तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या जोडीदाराच्या प्रत्येक शब्दाचा वाकडा अर्थ काढतो आणि त्यावरच सगळी मजा उभी असते. मात्र तेथे जोडीदाराला आपल्याला वाकडे उत्तर मिळणार हे पक्के माहीत असते आणि तोही ते चेंडू मुद्दाम उंच टाकत असतो. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या बोलतात, पण आख्यान ठरलेले असते, त्यामुळे कितीही फाटे फुटले तरी राक्षस शेवटी मरणारच असतो. भाच्याच्या मंडळींपाशी ना बतावणीतला तो जुना समजूतदारपणा आहे, ना ठरलेले आख्यान. घसरण्याची जागा त्यांच्यासाठी जास्त आहे, एवढे मोजमापात धरावे. खरे सांगायचे तर मला नकारापेक्षा तयार हशाची चीड अधिक येते. आपल्या भागात कन्नडमधला अर्ज हातात घेऊन सरकारी खिडकीसमोर उभा असलेला मराठी म्हातारा रंगमंचावर आणला की त्याने तोंड उघडण्याआधीच लोक हसतात. ते हसणे त्या मुलाने कमावलेले नसते, आपण सगळ्यांनी रांगेत उभे राहून आधीच साठवून ठेवलेले असते. अशा वेळी आपण हसला नाहीत तर मी आपल्या बाजूने आहे.

परंतु न हसण्याचीही एक जबाबदारी असते, आणि तिच्याबाबतीत सौभाग्यवतींचे म्हणणे मला मान्य आहे. मोठ्या नाट्यगृहात प्रेक्षक काळोखात असतो, तेथे एखादा नट कपाळाला हात लावून बसला तरी कोणाचे काही बिघडत नाही. शंभर खुर्च्यांच्या सभागृहात, जेथे दिवे पुरते मालवलेलेही नसतात, पहिल्या दोन-तीन रांगांतले चेहरे रंगमंचावरून स्वच्छ दिसतात. त्यातून संहिता नसलेल्या प्रयोगात नट क्षणोक्षणी प्रेक्षकांकडून दिशा घेत असतात. पुण्यात प्रयोग केलेला मामा पुढच्याच रांगेत आंबट चेहऱ्याने बसला आहे हे दिसल्यावर भाचा सीनमध्ये राहतच नाही, तो मामाला हसवायला निघतो, आणि मग ज्याचा आपल्याला राग येतो तो प्रेक्षकांकडे तोंड करून केलेला पाचकळपणा सुरू होतो. म्हणजे आपण ज्या दोषाची तक्रार करता, त्याला थोडासा हातभार आपलाही लागत असण्याची शक्यता आहे. यावर खोटे हसणे हा उपाय नाही, कारण मर्जी राखण्यासाठी केलेले हसणे नटाला लगेच ओळखू येते आणि ते अधिक लागते. पाचव्या-सहाव्या रांगेत, कडेची खुर्ची धरून, थोडे पुढे झुकून बसावे. हाताची घडी घालू नये. प्रेक्षकांकडून शब्द मागितला गेला तर जुन्या खेळाडूला काहीतरी अवघड, तिरके, चतुर असे सुचवण्याचा मोह होतो, तो टाळावा. 'कुलूप' म्हणावे, 'ओला टॉवेल' म्हणावे, किंवा इतरांना संधी देऊन गप्प राहावे, हे सर्वांत बरे.

चुका सांगाव्यात काय, या प्रश्नाचे उत्तर देताना बसवलेले नाटक आणि इम्प्रोव्ह यांतील एक फरक आपल्याला माहीत असूनही आपण विसरत आहात असे वाटते. बसवलेल्या नाटकात शुक्रवारी दिलेली सूचना शनिवारच्या प्रयोगात कामी येते, कारण तेच वाक्य, तीच जागा, तोच टाळ्यांचा क्षण पुन्हा येणार असतो. 'तू इथे बाप व्हायला हवे होतेस' हे त्या मुलाला सांगून काय उपयोग? ते दुकान, तो अप्पा आणि ती कढई पुन्हा कधीही येणार नाहीत. सांगण्यासारखी असते ती फक्त सवय. तो मुलगा दर प्रयोगात पहिले नाते मोडतो, असे आपल्याला तीन-चार प्रयोगांत दिसले, तर ती सूचना झाली. एकदा दिसले तर तो अपघात. आणि सवयीची सूचनासुद्धा कोणी द्यायची? त्या मंडळींत तालमी घेणारा जो कोणी असेल, त्याचा तो अधिकार आहे. बाहेरच्या ज्येष्ठाने परस्पर सूचना दिल्या की मुले दोन गुरूंच्या कात्रीत सापडतात. भाच्याने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शांतपणे बसून आपणहून विचारले, तर एक, फक्त एकच गोष्ट सांगावी, आणि 'मी असतो तर' हे शब्द तोंडून निघू देऊ नयेत.

प्रयोगाच्या रात्री मात्र 'बरा झाला' हे उत्तर देऊ नये. नटाच्या कानाला त्याचा अर्थ 'पडला' असाच ऐकू येतो, हे आपल्याला मी काय सांगावे. त्या रात्री जे डोळ्यांनी पाहिले तेच सांगावे, मत देऊ नये. 'त्या पोराने शेवटी दोन्ही हात लावले, दूध आटलं होतं ना?' एवढे वाक्य पुरेसे होते. ते खरे आहे, त्यात खोटी स्तुती नाही, आणि ज्याने ते काम केले त्याला आपले काम कोणीतरी पाहिले हे कळते. त्या मुलाला हे अजूनही सांगता येईल, भाच्याकरवी निरोप धाडला तरी चालेल.

आणखी एक उपाय सुचवतो, तो आपल्या प्रदेशातच शक्य आहे. आपल्याला कन्नड बाजारहाटापुरते येते, असे पत्रात अन्यत्र लिहिले आहे. गोकाककडे श्रीकृष्ण पारिजात या कन्नड लोकनाट्याचा खेळ लागला तर एकदा रात्रभर जाऊन बसावे, किंवा येथे कन्नड मुलांचा इम्प्रोव्हचा प्रयोग असेल तर तो पाहावा. अर्धे शब्द कळत नसल्यामुळे पुढचे वाक्य काय असावे हे आपले डोके रचू शकत नाही, आणि मग नाइलाजाने का होईना डोळे चेहऱ्यांवर, हातांवर, दोन माणसांमधल्या अंतरावर जातात. हा निव्वळ माझा तर्क नाही. ज्या व्हायोला स्पोलिन यांच्या नाट्यखेळांतून अमेरिकेतील इम्प्रोव्ह वाढले, त्यांनी शिकागोत परदेशांतून आलेल्या कुटुंबांतील मुलांबरोबर काम केले होते, आणि भाषेची अडचण ओलांडता यावी असे खेळ त्यांनी रचले. त्यांचे चिरंजीव पॉल सिल्स यांनी सहकाऱ्यांसह १९५९ मध्ये तेथेच सेकंड सिटी हे नाट्यगृह सुरू केले, तेव्हा या खेळांची शिदोरी त्यांच्याबरोबर होती. जो प्रकार शब्दांच्या पलीकडे पाहायला शिकवण्यासाठी जन्मला, तो आपण आज केवळ वाक्ये तपासत पाहत आहात. कन्नड प्रयोगात ती सोय राहणार नाही.

जाणे बंद करावे काय, याचे उत्तर नाही असेच आहे. आपल्या मनात पुन्हा रंगमंचावर उभे राहण्याची ओढ आहे आणि तीच चिडीच्या रूपाने बाहेर पडते आहे, असे निदान काही जण करतील, परंतु आपल्या पत्रात तशी खूण मला कोठे दिसली नाही, म्हणून तो सल्ला देत नाही. तशी ओढ असेल तर आपणच ती ओळखाल. मात्र प्रत्येक प्रयोग आवडलाच पाहिजे असा दंडक स्वतःला लावून घेऊ नये. काही प्रयोग खरोखरच वाईट असतात, त्यांत पाहण्यासारखे पायही नसतात आणि हातही नसतात. अशा वेळी मध्यंतर झाल्यावर चहा घेऊन शांतपणे घरी जावे. मध्यंतर नसेल तर बसावे, तास-दीड तासाचाच प्रश्न असतो.

पासाबद्दल. तो घेऊ नये, दोन तिकिटे काढावीत. पास घेतला की पहिली रांग गळ्यात पडते, आणि पाहुण्याला नापसंतीचाही हक्क राहत नाही. भाच्याला हे सांगताना कारण मात्र साधे द्यावे, की पुढे बसले की मान अवघडते. या वयात त्यावर कोणी शंका घेणार नाही.